दुपारच्या उन्हात इंजिन जड वाटते आणि थरथरते : यात हवेच्या तापमानाचा वाटा किती?

मानपाडावासी

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहतो आणि कामासाठी रोज महापे येथे जातो. माझी गाडी १.२ लिटर, तीन सिलिंडरांच्या, टर्बो (हवा दाबून आत भरणारे यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची असून गिअर हाताने बदलावे लागतात. सकाळी सहाच्या सुमारास निघतो तेव्हा इंजिन शांत आणि मोकळे चालते, आणि कळवा सोडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागल्यावर गाडी चौथ्या गिअरमध्येही विनातक्रार वेग घेते. पाळी संपवून दुपारी तीननंतर परतताना मात्र, विशेषतः मार्च ते मेमध्ये, हीच गाडी ओळखू येत नाही. कापूरबावडीच्या सिग्नलला उभे असताना स्टीअरिंग आणि सीट थरथरतात. माजिवड्याच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही, दुसरा टाकावाच लागतो, आणि कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबला तर क्वचित बारीक टकटक ऐकू येते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी तेवढीच असते, एसीही चालूच असतो, तरी इंजिन पुन्हा बरेच सुधारते.

एका मेकॅनिकने "उन्हाळा आहे, सगळ्यांच्या गाड्या अशाच चालतात" असे सांगितले, तर दुसऱ्याने इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करण्याचा मोठा खर्च सुचवला. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग नुकतेच बदललेले आहेत. सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात फार तर पंधरा-अठरा अंशांचा फरक असतो. तेवढ्याने इंजिनात एवढा पालट होऊ शकतो का, आणि होत असेल तर कोणता भाग हवामानाचा आणि कोणता बिघाडाचा, हे जाणकारांनी समजावून सांगावे, ही विनंती.

ऐरोलीकर

आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी इंजिनांच्या चाचणीच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून आधी आकड्यांपासून सुरुवात करतो.

इंजिन हवा आकारमानाने ओढते, पण इंधन जाळण्यासाठी उपयोगी पडतो तो त्या हवेतल्या ऑक्सिजनचा वस्तुमान. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर कोरड्या हवेचे वजन सुमारे १.२० किलो असते. तीच हवा ३८ अंशांना १.१३ किलोच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ सहा टक्क्यांची घट होते. शक्ती मात्र तितकी घटत नाही, कारण आत जाताना हवा इंजिनाच्या तापलेल्या भागांना स्पर्शून तशीही गरम होते आणि बाहेरच्या तापमानातला फरक सिलिंडरपर्यंत पोहोचेतो काहीसा बोथट होतो. इंजिनाची शक्ती जाहीर करताना २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब हे प्रमाण धरतात व चाचणीचे निकाल त्यानुसार दुरुस्त करतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या त्या दुरुस्तीच्या सूत्रात निरपेक्ष तापमानाचा ०.६ वा घात घेतात. त्या हिशेबाने २० वरून ३८ अंशांवर गेल्यास शक्ती सुमारे साडेतीन टक्के कमी होते. आपले इंजिन ६० किलोवॅटचे धरले तर ही घट जेमतेम दोन किलोवॅट आहे. शिवाय ती जाणवेल फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. अर्धवट दाबलेल्या स्थितीत थ्रॉटलची झडप हवेला स्वतःच अडवत असते, त्यामुळे हवा थोडी विरळ झाली तर पाय किंचित अधिक दाबला जातो आणि गाडी त्याच वेगाने चालते.

तेव्हा केवळ "हवा पातळ होते" एवढ्या कारणाने उड्डाणपुलावर गिअर उतरवावा लागणार नाही. मला इथे तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात.

पहिली एसीची. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि कडक उन्हात, बाहेरची हवा दमट असताना, तो दोन-तीन किलोवॅट सहज घेतो. आपल्याकडची हवा नुसती थंड करून भागत नाही, तिच्यातली वाफ पाणी करून गाळावी लागते, आणि त्या कामाला बरीच ऊर्जा लागते. ६० किलोवॅट हा आकडा मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेऱ्यांचा असतो. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी इंजिन १५०० फेऱ्यांवर असताना त्याच्याजवळ ९५ न्यूटन-मीटर टॉर्कच्या, म्हणजे फिरवण्याच्या जोराच्या, हिशेबाने एकंदर १५ किलोवॅटच असतात. त्यातला सहावा हिस्सा एसीने घेतला, तर गाडी जड वाटणारच.

दुसरी गोष्ट बॉनेटखालच्या हवेची. हवामान खात्याने सांगितलेले तापमान सावलीतले असते. कापूरबावडीला दहा मिनिटे उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली रेडिएटरमधून आलेली गरम हवा कोंडते, पुढच्या ट्रकचा धूर आणि डांबराची धग तिच्यात मिसळते. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, नळीचे तोंड पुढे, ग्रिलजवळ असले तरी गाडी थांबलेली असताना गरम हवा मागून पुढे फिरून तिथवर येते, आणि इनटेकची प्लॅस्टिकची नळी व सिलिंडरांत हवा वाटून देणारा मॅनिफोल्डही तापतात. त्यामुळे बाहेर ३७ अंश असताना इंजिनात शिरणारी हवा ५५ ते ६५ अंशांची असणे नवलाचे नाही. गाडी वेगात चालू लागली की ती काही मिनिटांत खाली येते. आपल्याला सकाळ आणि दुपार यांत अठरा अंशांचा फरक दिसतो, पण इंजिनाच्या दृष्टीने तो तीस अंशांहून अधिक असू शकतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि आपण ऐकलेली बारीक टकटक तिच्याकडेच बोट दाखवते. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि त्याचे निरपेक्ष तापमान साधारण दुपटीहून अधिक होते. म्हणून आत येताना असलेला तीस अंशांचा फरक ठिणगी पडण्याच्या वेळेपर्यंत साठ-सत्तर अंशांचा झालेला असतो. ज्योत सिलिंडरच्या कडेला पोहोचण्याआधीच तिथले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा उठतात आणि धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो, हेच नॉकिंग. ते पिस्टनला घातक असते, म्हणून इंजिनावरचा नॉक सेन्सर अशी कंपने टिपतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा टाकू लागतो. बऱ्याच गाड्यांमध्ये इनटेकमधल्या तापमानाचा सेन्सर हवा गरम आहे असे सांगताच, नॉकिंग होण्याची वाटही न पाहता, ठिणगी थोडी मागे घेतली जाते. ठिणगी मागे गेली की टॉर्क उतरतो आणि पेट्रोलची अधिक ऊर्जा धुराड्यातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. उन्हाळ्यातले "पिकअप मेले" बहुतांशी हे असते.

पावसाळ्याबद्दलचे आपले निरीक्षण मला विशेष आवडले. वाफेचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनची जागा अडवतात. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या एकूण दाबातला सुमारे साडेतीन टक्के वाटा नुसत्या वाफेचा असतो. २२ अंशांच्या कोरडसर सकाळी तो दीड टक्क्याच्या आसपास राहतो. म्हणजे शक्तीच्या दृष्टीने दमटपणा तोट्याचाच आहे. पण वाफ ज्वलनाचा वेग आणि तापमान दोन्ही उतरवते, त्यामुळे नॉकिंग कमी होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत उड्डाणाच्या वेळी पाणी फवारत असत, ते याच गुणासाठी. जुलैत तापमान २६-२७ अंशांवर असते, पावसाने बॉनेटखालचा भाग धुऊन गार होतो, एसीवरचा उन्हाचा भारही कमी होतो, आणि ठिणगी पुन्हा योग्य वेळी पडू लागते.

माझी सूचना अशी, की खर्च करण्याआधी मोजून पाहा. गाडीच्या संगणकातले आकडे वाचण्यासाठी असलेल्या ओबीडीच्या सॉकेटला लावायचे साधे ब्लूटूथ उपकरण स्वस्तात मिळते आणि मोबाइलवर इनटेक हवेचे तापमान, ठिणगीची वेळ आणि इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, दिसतात. आकडे चालवताना पाहू नयेत, शेजारी बसलेल्याने टिपावेत किंवा ॲपमध्ये नोंदवून घरी पाहावेत.

कोपरखैरणे सीएनजी

सीएनजी वापरणाऱ्यांसाठी थोडे जोडतो. पेट्रोलचे थेंब वाफ होताना हवेला थोडे गार करतात, सीएनजी वायुरूपातच येत असल्यामुळे तो लाभ मिळत नाही. त्यातच मिथेन हवेची साडेनऊ टक्के जागा घेतो, म्हणून सीएनजीवर गाडी मुळातच सुमारे दहा टक्के कमी ओढते आणि उन्हाळ्याचा एसीचा भार तिला अधिक जाणवतो. मात्र नॉकिंगच्या बाबतीत सीएनजी पेट्रोलपेक्षा पुष्कळ सहनशील आहे, त्यामुळे आपण ऐकली ती टकटक गॅसवर सहसा येत नाही.

उन्हाळ्यात गाडीतल्या गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसही कमी मावतो. भरताना दाब २०० बारपर्यंतच जातो, आणि तापलेल्या सिलिंडरात तेवढ्याच दाबाला वजनाने कमी गॅस बसतो. म्हणून मी वाशी-कोपरखैरणे भागात सकाळी लवकर गॅस भरून घेतो. त्याचा गाडीच्या ओढण्याशी काही संबंध नाही, पण एका भरणीत गाडी अधिक लांब जाते.

इंजिनवाला वागळे इस्टेट

ऐरोलीकर सरांनी ओढण्याबद्दल लिहिले ते अगदी योग्य आहे. उभ्या गाडीच्या थरथरीकडे मात्र मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, कारण गॅरेजमध्ये उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींतली बरीच तिचीच असते आणि तिच्यात हवामानाच्या आड खरा बिघाड लपलेला असू शकतो.

तीन सिलिंडरांचे इंजिन ७५० फेऱ्यांवर उभे असताना सेकंदाला सुमारे १९ स्फोट होतात, चार सिलिंडरांच्या इंजिनात २५ होतात. एवढी सावकाश कंपने शरीराला फार जाणवतात, आणि तीन सिलिंडरांचे इंजिन रचनेमुळेच पुढे-मागे डोलू पाहते. ते डोलणे गाडीच्या सांगाड्यात उतरू नये म्हणून इंजिन रबराच्या किंवा द्रव भरलेल्या माउंटिंगवर टेकवलेले असते. एसीचा क्लच लागला की इंजिनावर एकदम भार येतो, फेऱ्या क्षणभर खाली जातात आणि ईसीयू थ्रॉटल उघडून त्या सावरतो. कडक उन्हात कॉम्प्रेसर लवकर लवकर लागतो आणि प्रत्येक वेळी अधिक भार घेतो, रेडिएटरचा पंखाही जवळजवळ अखंड फिरतो, आणि त्याची वीज पुरवण्यासाठी अल्टरनेटर इंजिनाला आणखी दाबतो. माउंटिंग नवे असेल तर हे सगळे खपून जाते. रबराला भेगा पडल्या असतील किंवा आतला द्रव गळून गेला असेल तर तीच कंपने थेट स्टीअरिंगमध्ये येतात. म्हणून एसी बंद करून, हेडलाइट आणि पंखा बंद असताना थरथर किती राहते ते आधी पाहा. एसी बंद करताच ती पूर्ण गेली, तर माउंटिंग तपासून घ्या. ती थोडी कमी होऊन उरलीच, तर मिश्रणाकडे वळावे लागेल.

मिश्रणाच्या बाबतीत उन्हाळ्यातला एक दोष हमखास नजरेतून सुटतो. टाकीतले पेट्रोल उन्हात वाफ होते. ती वाफ बाहेर सोडता येत नाही म्हणून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवतात आणि पर्ज व्हॉल्व्ह उघडून थोडी थोडी इंजिनात जाळतात. हा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल, तर सिग्नलला उभे असताना, जेव्हा इंजिन अगदी थोडी हवा ओढत असते, तेव्हा पेट्रोलची जादा वाफ आत येते, मिश्रण घट्ट होते आणि इंजिन अडखळते. सकाळी टाकी गार असते, वाफ कमी असते, त्यामुळे दोष दिसत नाही. जुलैतही दिसत नाही. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून थोडे" म्हणून गळ्यापर्यंत भरण्याची सवय असेल, तर द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जाऊन कोळसा भिजतो आणि हा त्रास आणखी वाढतो.

जुन्या पद्मिनीच्या काळात उन्हाळ्याची तक्रार याहून वेगळी असे. तेव्हा पेट्रोल पंप इंजिनावरच बसवलेला असायचा, पेट्रोल नळीतच उकळून वाफेचा अडथळा तयार व्हायचा, आणि घाटात पंपावर ओले फडके टाकून गाडी गार होण्याची वाट पाहावी लागे. आता पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोल तीन-चार बार दाबाने येते, त्यामुळे तो प्रकार जवळजवळ संपला आहे. कोणी आजच्या गाडीत "व्हेपर लॉक झाले" असे सांगून खर्च काढत असेल, तर आधी पुरावा मागावा.

खारघर प्रवासिनी

माझी गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल आहे आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही द्रुतगती मार्गाने लोणावळ्याला जातो, म्हणून टर्बोबद्दल लिहिते. टर्बोचा कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती प्रचंड तापते. बाहेर ३७ अंश असताना दाब १.८ पट केला, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा ११५ ते १२० अंशांच्या आसपास असते. तिला गार करण्याचे काम इंटरकूलर करतो, पण तो बाहेरच्या हवेपेक्षा अधिक गार कधीच करू शकत नाही, आणि गाडी उभी असेल तर त्याच्यातून वाराच वाहत नाही. कळंबोलीच्या गर्दीतून सुटून लगेच जोर मागितला, तर पहिले काही क्षण गाडी सुस्त वाटते, आणि मोकळ्या रस्त्यावर थोडे अंतर गेल्यावर तीच गाडी पूर्ववत होते.

"लोणावळ्याच्या गार हवेत गाडी छान ओढते" असे आमच्या घरातही सगळे म्हणतात. हिशेब केला तर ते पूर्ण खरे ठरत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. उंचीमुळे तापमान चार अंशांनी उतरले तरी त्याने घनता एक-दीड टक्क्यानेच वाढते. म्हणजे टर्बो नसलेल्या गाडीला लोणावळ्यात पनवेलपेक्षा कमीच ऑक्सिजन मिळतो. टर्बो हा तोटा बराचसा भरून काढतो, हा त्याचा खरा फायदा आहे. तरीही वर पोहोचल्यावर गाडी मोकळी वाटते, कारण तोवर बॉनेटखाली सतत वारा खेळलेला असतो, एसीचा भार उतरलेला असतो आणि नॉकिंगची शक्यता घटलेली असते.

माझ्या भावाची डिझेल गाडी आहे. तिच्यात ठिणगीही नाही आणि पेट्रोलसारखे नॉकिंगही नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तिला फारसा फरक पडत नाही. तिची खडखड महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे वाढते, कारण गार हवेत डिझेल पेटायला अधिक वेळ लागतो आणि साचलेले डिझेल मग एकदम पेट घेते.

मानपाडावासी

सर्वांचे मनापासून आभार. ऐरोलीकर सर, आपण सांगितल्याप्रमाणे ओबीडी उपकरण लावले आणि पत्नीने शेजारी बसून नोंदी घेतल्या. सकाळी बाहेर २४ अंश असताना दिघ्याजवळ इनटेकची हवा ३१ अंशांची होती, आणि तिसऱ्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १३ ते १४ अंश (तापमानाचे नव्हे, क्रँकच्या फिरण्याचे) आधी पडत होती. दुपारी बाहेर ३७ अंश असताना कापूरबावडीकडच्या गर्दीत इनटेक ६३ अंशांपर्यंत चढला. तिथून सुटून पुलाच्या चढावर तशाच फेऱ्यांवर ठिणगी अवघी सात अंश आधी पडत होती. पुढे मोकळ्या पट्ट्यात इनटेक ४८ वर उतरला तेव्हा ती पुन्हा १० ते ११ अंशांवर आली.

इंधनाची दुरुस्ती सकाळी दोन-तीन टक्क्यांच्या आत होती. दुपारी सिग्नलला उभे असताना मात्र ती उणे १४ ते उणे १६ टक्के दिसली आणि गाडी चालू लागताच शून्याच्या जवळ आली. एसी बंद केल्यावर थरथर कमी झाली, पण गेली नाही. गॅरेजवाल्या काकांनी लिहिलेल्या दोषाशी हे जुळते असे वाटते. याशिवाय, एका दुकानदाराने बाजारात मिळणारा उघडा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर लावण्याचा सल्ला दिला आहे. त्याने थंड हवा मिळेल का?

ऐरोलीकर

आपल्या नोंदी उत्तम आहेत. आता उड्डाणपुलाचा हिशेब मांडता येतो. इनटेक ३१ वरून ६३ अंशांवर गेल्यामुळे हवेतला तोटा सहा ते नऊ टक्के. ठिणगी सहा-सात अंश मागे सरकल्यामुळे टॉर्कचा तोटा, ढोबळ अंदाजाने, आणखी पाच ते आठ टक्के. उरलेल्यातून कमी फेऱ्यांवर एसीने घेतलेला सहावा हिस्सा वजा करा. तिन्ही मिळून सकाळच्या मानाने पाव भागाहून अधिक ओढ कमी होते. एवढी घट झाल्यावर तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा टाकावा लागणे अगदी स्वाभाविक आहे, त्यासाठी इंजेक्टर साफ करण्याची गरज मला दिसत नाही. चढाच्या आधीच गिअर उतरवून इंजिन २५०० फेऱ्यांच्या वर ठेवले, तर नॉकिंगही टळेल, कारण वाढलेल्या फेऱ्यांवर कडेच्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळच कमी मिळतो. कमी फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबून इंजिन रेटणे उन्हाळ्यात कटाक्षाने टाळावे.

उघड्या फिल्टरचा सल्ला कृपया मानू नये. तो बॉनेटखालची गरम हवाच ओढतो, आणि आपले दुखणे नेमके तेच आहे. फिल्टरच्या मूळ डब्याची नळी ग्रिलच्या मागून बाहेरची हवा घेते. ती जागेवरून निसटलेली किंवा फाटलेली नाही, आणि बंपरच्या आतले हवा वळवणारे प्लॅस्टिकचे पत्रे शाबूत आहेत, एवढे पाहून घ्या. छोट्या अपघातानंतर हे पत्रे पुष्कळदा परत बसवलेच जात नाहीत. काही जण फिल्टर बंपरच्या खाली नेतात. तिथे हवा गार मिळते हे खरे, पण पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावर तो फिल्टर थेट पाणी ओढतो. पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खे इंजिन उतरवावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईच्या पावसात हा धोका पत्करण्यासारखा नाही.

इंजिनवाला वागळे इस्टेट

उणे १५ टक्के म्हणजे ईसीयू इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल तेवढे कापतो आहे, कारण जादा इंधन दुसऱ्या वाटेने येत आहे. ते फक्त तापल्यावर आणि उभ्या गाडीतच दिसते, म्हणून माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवरच आहे. खात्री करणे सोपे आहे. दुपारी इंजिन तापलेले असताना मेकॅनिकला व्हॉल्व्हपासून मॅनिफोल्डकडे जाणारी बारीक नळी काढून मॅनिफोल्डचे तोंड टोपीने बंद करायला सांगा. दुरुस्तीचा आकडा शून्याकडे आला आणि थरथर कमी झाली, तर दोष सापडला. व्हॉल्व्हचा वीजपुरवठा काढून त्यातून तोंडाने फुंकून पाहिल्यावर हवा पलीकडे जात असेल, तर तो गळतो आहे. पेट्रोलची वाफ छातीत जाणार नाही याची काळजी घ्यावी, आणि हे काम मोकळ्या जागेत, आग किंवा ठिणगी जवळ नसतानाच करावे.

मानपाडावासी

काकांनी सांगितलेली तपासणी करून घेतली. नळी काढून तोंड बंद करताच दुरुस्तीचा आकडा उणे तीनवर आला आणि फेऱ्यांचा काटा स्थिरावला. व्हॉल्व्ह बदलला आहे. खर्च इंजेक्टर साफ करण्यासाठी सांगितलेल्या रकमेच्या मानाने बराच कमी आला. कापूरबावडीला एसी लागताना अजून एक हलका झटका जाणवतो, पण सलग थरथर गेली आहे. उड्डाणपुलावर दुपारी दुसरा गिअर लागतोच, आणि तो का लागतो हे आता समजले आहे. इनटेकच्या नळीची एक क्लिप निघालेली होती, ती बसवून घेतली. त्यानंतर तशाच गर्दीत हवा ५६-५७ अंशांच्या वर गेलेली दिसली नाही.

इंजिनवाला वागळे इस्टेट

उरलेला झटका माउंटिंगचा असण्याची शक्यता अधिक आहे. पुढच्या सर्व्हिसच्या वेळी बॉनेट उघडे ठेवून, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी एसी चालू-बंद करायला सांगा आणि गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग किती उसळते ते बाजूला उभे राहून पाहा. टाकी यापुढे नोझल पहिल्यांदा बंद होईल तेवढीच भरत जा. कॅनिस्टरमधला कोळसा भिजलेला असेल तर तो वाळेपर्यंत दुपारी तापल्यावर दुरुस्तीचा आकडा थोडा उणे दिसेल. महिन्याभरात तो सावरला नाही, तर कॅनिस्टर काढून हातात वजन घेऊन पाहावे लागेल. पेट्रोल भरलेला कॅनिस्टर उचलताच लक्षात येतो.